गिऱ्हाईक मोबाइलवर सापडतं, टिकतं कशावर?

शहापूरच्या रानात गुळवेल मुबलक. कडुनिंबावर, आंब्यावर चढते आणि वरून सुतळीसारखी मुळं खाली सोडते. तापात तिचा काढा घ्यायचा, हे गावात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक. तालुक्यातल्या काही कातकरी तरुणांनी हीच वेल गोळा करून आसपासच्या बाजारात विकायला सुरुवात केली. ‘आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था’ या नावाने काम उभं राहिलं आणि पंतप्रधान वनधन योजनेतून त्याला केंद्र मिळालं. मग २०२० ची टाळेबंदी आली. आठवडी बाजार बंद पडले, पण प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून गुळवेलीला देशभरातून मागणी आली. या गटाचा माल डी-मार्टसारख्या मोठ्या दुकानांत पोचला, ऑनलाइन विकला गेला. २०२१ साली डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा नामांकित कंपन्यांकडून गटाला मिळून दीड कोटी रुपयांहून जास्त रकमेची मागणी आल्याचं सरकारनेच जाहीर केलं.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळा संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं आणि वैशाख सरेपर्यंत ती फेडत राहायचं, हा त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांचा वर्षाचा क्रम. त्याच समाजातले तरुण औषधी कंपन्यांचे पुरवठादार झाले, ही बातमी म्हणूनच मोठी आहे. तिच्यात एक प्रश्नही दडलेला आहे. इंटरनेटवर गिऱ्हाईक शोधणं आता सोपं झालं आहे. पण एकदा सापडलेलं गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकतं कशावर? शहापूर-मुरबाडमध्ये भेंडी पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे आणि एमआयडीसीत दोन लेथ मशीन टाकून बसलेल्या कारागिरालाही.

या बाजाराची रचना

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर आपण घरच्या वापरासाठी एखादी वस्तू घेतो. धंदेवाल्याने धंदेवाल्याला माल विकायचा ऑनलाइन बाजार वेगळा. तिथे किलोचा हिशेब टनात होतो, रेट बोलून ठरतो, आधी सॅम्पल जातं, मग ऑर्डर येते आणि पैसे बहुधा उधारीने मिळतात.

आपल्याकडे इंडियामार्ट आणि ट्रेडइंडिया १९९६ मध्ये सुरू झाले. त्या काळी इंटरनेट मोठ्या शहरांतसुद्धा नवलाईचं होतं. चीनमध्ये १९९९ साली हांगचौ शहरात अलीबाबा सुरू झाली आणि तिथल्या छोट्या कारखान्यांना तिने जगभरचे खरेदीदार दाखवले. २०१६ हे वर्ष आपल्यासाठी महत्त्वाचं. बाजार समित्यांना जोडणारी ‘ई-नाम’ त्या वर्षी एप्रिलमध्ये आली, सरकारी खात्यांच्या खरेदीसाठीचा ‘जेम’ हा बाजार ऑगस्टमध्ये आला आणि किराणा दुकानदारांना घाऊक माल पुरवणारी ‘उडान’ही त्याच वर्षी स्थापन झाली. औषधी वनस्पतींच्या खरेदी-विक्रीसाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने ‘ई-चरक’ नावाचं व्यासपीठ केलं आहे. गुळवेल, हिरडा, बेहडा विकणाऱ्या गटांना ते माहीत असलंच पाहिजे.

यातल्या प्रत्येकाची कमाई कशातून होते, हे विक्रेत्याने आधी समजून घ्यावं. काही बाजार प्रत्येक व्यवहारामागे टक्केवारी घेतात. इंडियामार्टसारखे बाजार मुख्यतः विक्रेत्याकडून वार्षिक वर्गणी घेतात आणि त्या बदल्यात खरेदीदारांच्या चौकश्या त्याच्यापर्यंत पोचवतात. एकच चौकशी एकाहून जास्त विक्रेत्यांकडे जाते. त्यामुळे फोन वाजला म्हणजे ऑर्डर आली, असं होत नाही. त्याच क्षणी पुणे, इंदूर किंवा नीमचच्या कुणाचा तरी फोन वाजलेला असतो आणि खरेदीदाराचा पहिला प्रश्न असतो, “तुमचा बेस्ट रेट काय?” सगळ्यांचे फोटो सारखेच सुंदर असले की तुलना करायला फक्त रेट उरतो आणि तो खाली खाली येत जातो. मालाचा वेगळेपणा दाखवता येत नसेल, तर ऑनलाइन बाजार छोट्या विक्रेत्याला स्वस्ताईच्या शर्यतीत ओढतो.

याचा अर्थ बाजार वाईट असा नाही. त्याने एक जुनी अडचण खरोखर दूर केली आहे. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. बैलांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती दूरदूरवर प्रसिद्ध आहे. वर्षातून एकदा घेणारे आणि विकणारे एका माळावर जमतात, म्हणून माल आणि भाव एकमेकांना दिसतात. महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या बैलाचं मोल किती ठरलं, हे तोंडाने सांगितल्याशिवाय कळायचं नाही. दलालाची कमाई या झाकलेल्या माहितीवर होती. मोबाइलवरच्या बाजाराने तो रुमाल बाजूला सारला. वाशीच्या मार्केटात आज कशाला काय दर आहे, दिल्लीत गुळवेल काय भावाने जाते, हे टोकावड्याच्या किंवा किन्हवलीच्या माणसाला घरबसल्या पाहता येतं. ही ताकद लहान नाही.

फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी

भाव दिसला, गिऱ्हाईक दिसलं. पुढचा भाग मात्र पडद्यावर उरकत नाही, आणि त्यासाठी गुळवेलीकडेच परत जावं लागेल.

औषधी कंपनीला हवी असते ती ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’ ही जात. तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दुसरी जात आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की घेतलेली वनस्पती नेमकी कोणती, याची खातरजमाच झालेली नाही. पुढे मंत्रालयाने दोन्ही जातींतला फरक लोकांसाठी स्पष्ट केला. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर मोठ्या गाठी नसतात, कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही आणि फळं गोल, लाल असतात. क्रिस्पाचं खोड करडं आणि गाठाळ, चीक दुधट, फळं लांबट आणि नारिंगी. वैद्यकीय वाद तज्ज्ञांनी सोडवावा. खरेदीदाराच्या बाजूने पाहिलं तर मुद्दा एवढाच की टनभर सुक्या तुकड्यांत दुसऱ्या जातीचे चार तुकडे मिसळले तर ते फोटोत दिसणार नाहीत. प्रयोगशाळेत दिसतील, नाहीतर रुग्णाच्या पोटात.

वेल तोडतानाच ती ओळखणारी नजर ही या धंद्याची खरी भांडवली वस्तू आहे, आणि ती कातकऱ्यांकडे पिढीजात आहे. त्यापुढची कामं मात्र शिकावी लागतात. वेल मुळापासून उपटायची नाही. खालचा भाग ठेवून कापायची, म्हणजे ती पुन्हा फुटते आणि पुढच्या वर्षी माल मिळतो. बोटाएवढ्या जाडीचं खोड निवडायचं, माती-साल झटकून बेतशीर तुकडे करायचे आणि ते ताडपत्रीवर नाहीतर जाळीवर पातळ पसरून वाळवायचे. वरून वाळलेला तुकडा आतून ओलसर राहिला आणि तसाच पोत्यात गेला, तर बुरशी धरते आणि एका पोत्याची बुरशी अख्खा ट्रक परत आणते. म्हणून कंपनी ओलाव्याचं प्रमाण मोजते, कचरा किती निघतो ते पाहते, आणि माल कोणत्या भागातून, कोणत्या महिन्यात, कोणत्या गटाने आणला याची नोंद मागते.

वनधन केंद्राचा उपयोग इथे कळतो. १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या बिजापूरला ही योजना सुरू झाली. साधारण वीस जणांचे पंधरा बचतगट, म्हणजे तीनशे संग्राहक मिळून एक केंद्र, अशी तिची मांडणी. एकट्या माणसाने डोक्यावरून आणलेलं वीस किलोचं ओझं कोणतीही कंपनी विकत घेणार नाही. तीनशे जणांचा माल एका जागी येतो, तपासला जातो, वाळतो, एका वजनाच्या पोत्यांत भरला जातो आणि एका बिलावर निघतो, तेव्हा तो पुरवठा होतो. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला; तो हक्क पैशांत उतरवायला अशी संघटना लागते.

रेट की भरवसा

मोठ्या खरेदीदारांनीही एकदा फक्त रेटवर भिस्त ठेवून पाहिली आहे. २००० साली जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर या बड्या मोटार कंपन्यांनी मिळून ‘कोव्हिसिंट’ नावाचा ऑनलाइन बाजार काढला. सुट्या भागांच्या पुरवठादारांनी तिथे यायचं, उलटा लिलाव व्हायचा, म्हणजे जो सर्वांत कमी रेट देईल त्याला ऑर्डर. कोट्यवधी डॉलर वाचतील असा हिशेब होता. पुरवठादारांना मात्र त्यात आपला गळा आवळला जाताना दिसला आणि ते मनापासून आलेच नाहीत. २००४ मध्ये तो उपक्रम तुकड्यांनी विकला गेला.

त्याच्या काही वर्षं आधी जपानमध्ये याच्या उलट गोष्ट घडली होती. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथेच बनत असे. टोयोटाचे कारखाने ठप्प झाले. तेव्हा तो व्हॉल्व्ह कधीही न बनवलेल्या डझनावारी पुरवठादारांनी आराखडे मागवून घेतले, आपापली यंत्रं त्यासाठी लावली आणि काही दिवसांत पुरवठा सुरू केला. किमतीची बोलणी नंतर झाली. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे मिळाले होते, अडचणीत कंपनीचे इंजिनिअर मदतीला आले होते, म्हणून संकटाच्या दिवशी कुणी आधी कोटेशन मागितलं नाही.

मुरबाडच्या एमआयडीसीत हा धडा परका नाही. पोलादी ड्रमची झाकणं आणि बांधकामाच्या परांच्या बनवून जगभर पाठवणारी टेक्नोक्राफ्ट इथे आहे, तिकडे शहापूर तालुक्यात वासिंदला जेएसडब्ल्यूचा कोटेड पोलादाचा कारखाना आहे, आसनगाव-आटगावच्या पट्ट्यातही कारखाने आहेत. अशा प्रत्येक मोठ्या कारखान्याला जॉबवर्क करणारे, पॅकिंगच्या पेट्या देणारे, टेम्पो लावणारे, कॅन्टीन चालवणारे लागतात. नवीन वेंडर घेताना खरेदी विभाग जीएसटी, पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी मागतो. ती झाली कागदाची बाजू. त्यानंतर छोटा ट्रायल लॉट दिला जातो, आणि खरी परीक्षा तीच. नग मापात आहेत का, चलान आणि माल जुळतो का, सांगितलेल्या दिवशी गाडी गेटवर लागली का. एका खेपेत चार नग खराब निघाले म्हणून धंदा तुटत नाही. ते लपवले, फोन उचलला नाही, की तुटतो. उशीर होणार असेल तर आदल्या दिवशी कळवणारा पुरवठादार, पाच पैसे महाग असूनही, टिकतो. कारण खरेदीदाराचं यंत्र बंद पडलं तर त्याचं होणारं नुकसान त्या पाच पैशांच्या कितीतरी पट असतं.

उचलीचं नातं आणि बरोबरीचं नातं

इथे सावध राहायला हवं. टिकाऊ नातं म्हणजे आपोआप चांगलं नातं, असं समजू नये. वीटभट्टीच्या उचलीचं नातंही पिढ्यान्पिढ्या टिकलं. भाताच्या हंगामाआधी पैसे देऊन कापणीच्या वेळी पडत्या भावाने भात उचलणारा सावकारही ओळखीचाच असायचा. ही नाती टिकली ती दुसरीकडे जायला वाट नव्हती म्हणून. चांगल्या पुरवठादारीची खूण अशी की दोघांनाही दुसरीकडे जाता येत असतं आणि तरीही दोघे थांबतात.

ऑनलाइन बाजाराचं सगळ्यांत मोठं दान तेच आहे. दुसरं गिऱ्हाईक अस्तित्वात आहे, हे तो दाखवतो. तेवढ्यानेही पहिलं गिऱ्हाईक नीट बोलू लागतं. म्हणून एकाच कंपनीवर सगळा माल टाकू नये, आणि दहा जणांना तोडका माल देऊन कुणालाच राजी न ठेवणंही नको. दोन-तीन भरवशाचे खरेदीदार, आणि नव्याची चौकशी चालू, हा व्यवहार शहाणपणाचा.

बरोबरीच्या नात्याची कसोटी पैशाच्या तारखेवर लागते. छोटे उद्योग बुडतात ते बऱ्याचदा ऑर्डर नसल्यामुळे नाही, पेमेंट अडकल्यामुळे. यासाठी कायदा आहे आणि तो पाठ असावा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३ ब (ह) मुळे आणखी एक चाप बसला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करातून वजा करता येत नाही. थकबाकीची तक्रार ‘समाधान’ पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे नेता येते. मोठ्या कंपन्यांची मान्य बिलं ‘ट्रेड्स’ या यंत्रणेवर बँकांना विकून आधी पैसे उचलता येतात. या सगळ्याची गुरुकिल्ली उद्यम नोंदणी, आणि ती फुकट होते. मात्र उशिराच्या पेमेंटचं हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. निव्वळ घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते मिळत नाही. गुळवेल वाळवून, चूर्ण करून विकणाऱ्या गटाने आपली नोंदणी विचारपूर्वक करायला हवी, ती याचसाठी.

एकाची चूक, सगळ्यांचं दार बंद

पुरवठादारीत आपली पत फक्त आपली नसते, हे भेंडीवाल्यांना नीट माहीत आहे. शहापूर-मुरबाडमधली भेंडी भात निघाल्यावरच्या ओलिताखाली होते आणि तिचा काही भाग परदेशी जातो. निर्यातीची भेंडी कोवळी, सरळ, एका लांबीची लागते. पहाटे तोडायची, हातमोजे घालून देठासकट कापायची, कारण बोटाने दाबली की दुपारपर्यंत काळा डाग दिसतो. पण आकार एकवेळ जमतो, औषध फवारणीची वही लिहिणं जड जातं. परदेशात कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर निघाला किंवा कीड सापडली, तर माल तिथेच नष्ट होतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातला आंबा आणि वांगं, कारलं, पडवळ, अळू या भाज्यांवर बंदी घातली, ती काही खेपांत फळमाशी आणि इतर कीड सापडल्यामुळे. ज्यांचा माल स्वच्छ होता, त्यांचंही दार त्या दिवशी बंद झालं. आंब्याचं दार उघडायला पुढचं वर्ष उजाडलं. गावातल्या सगळ्यांनी एकच फवारणी-वेळापत्रक पाळणं, एकमेकांचा माल तपासणं, खराब खेप निघाल्यास गटानेच ती थांबवणं, ही सक्ती वाटली तरी शेवटी आपलंच नाव राखते.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

ऑनलाइन उतरताना काही पथ्यं पाळावीत. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकून नाव आणि पत्ता ताडून पाहा. अनोळखी माणसाने मोठी ऑर्डर देऊन आधी तुमच्याकडूनच ‘नोंदणी फी’ किंवा ‘गेट पास’चे पैसे मागितले, पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावला, तर फोन बंद करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. पहिल्या खेपेला अर्धे पैसे ॲडव्हान्स मागण्यात संकोच नको. रेट, वजन, ओलाव्याची मर्यादा, माल परत आल्यास भाडं कुणाचं आणि पैसे किती दिवसांत, हे व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी ठेवा. जेमवर नोंदणी करा: केंद्र सरकारच्या धोरणानुसार सरकारी खरेदीचा २५ टक्के हिस्सा सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत.

काळही अनुकूल आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरपासूनचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता शहापूर तालुक्यातून जातो आणि देशातल्या मोठ्या गोदामांच्या पट्ट्यापाशी, भिवंडीजवळ संपतो. मुंबईला पाणी पाजणाऱ्या भातसा आणि तानसा याच तालुक्यात आहेत; दूध, भाजी आणि हातही इथूनच जात आले. आजवर या भागाने मुंबईला सगळं पुरवलं, पण बिलावर नाव बहुधा दुसऱ्याचं राहिलं. आता आपल्या गटाच्या, आपल्या गावाच्या नावाने बिल फाडता येतं. ज्यांच्याकडे माल आणि हुन्नर दोन्ही आहे त्यांनी एकट्याने रेट पाडत बसण्यापेक्षा गट करावा, नोंदणी करावी, दर खेपेला सांगितलं तसंच द्यावं आणि आपले पैसे वेळेवर मागावेत. पहिली ऑर्डर बाजार मिळवून देईल. दुसरी आपल्या कामानेच मिळवावी लागेल.